तुलुमची सेनोटे सहल: गाईड कुठे हवाच आणि कुठे नको

मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, कान्कुनपासून खाली तुलुमपर्यंत, हॉटेलांच्या काउंटरवर ‘एका दिवसात तीन सेनोटे’ अशा सहलींची पत्रकं ठेवलेली असतात. सेनोटे म्हणजे चुनखडीच्या गुहेचं छत कोसळून उघडा पडलेला गोड्या पाण्याचा डोह. काही वरून पूर्ण मोकळे, तर काहींना जेमतेम माणूस उतरेल एवढंच तोंड. सहलीचा दर साधारण माणशी ८० ते १५० अमेरिकी डॉलर. पत्रकांवरचे फोटो सगळे सारखेच निळे, त्यामुळे कोणती सहल घ्यावी हे त्यावरून काही कळत नाही.

म्हणून निकाल आधीच सांगतो. तुलुमहून निघणारी, एका गाईडमागे सहा ते आठच माणसं घेणारी आणि सकाळी सगळ्यात आधी बंद गुहेत नेणारी सहल मिळाली तर पैसे पुरेपूर वसूल होतात. उघड्या सेनोटेसाठी गाईड लागत नाही. चिचेन इत्झाचे अवशेष दाखवून परतताना ‘सेनोटेत पोहणं’ उरकून घेणाऱ्या मोठ्या बसच्या सहली मात्र टाळाव्यात. खाली जो मार्ग तपासला आहे तो असा: सकाळी दोस ओहोस हा बंद गुहेचा सेनोटे, दुपारी कोबाजवळचे तीन सेनोटे, आणि वेळ उरला तर एक उघडा सेनोटे. तुलुममधल्या छोट्या कंपन्या असा दिवस आखून देतात.

युकातान द्वीपकल्पाच्या उत्तर भागात, म्हणजे कान्कुन-तुलुमच्या या मुलुखात, जमिनीवरून वाहणारी नदी जवळजवळ नाहीच. मातीचा थर पातळ, त्याखाली सच्छिद्र चुनखडी. पडलेला पाऊस सरळ खाली मुरतो आणि भुयारांतून समुद्राकडे जातो. किनाऱ्याजवळ हे गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, आणि दोन्ही जिथे मिसळतात त्या थरात चुनखडी विशेष वेगाने विरघळते. शाळेच्या भूगोलात ‘विलयविवर’ म्हणून जे वाचलेलं असतं ते हेच.

गाईड जाणकार आहे की पाठ केलेलं बोलतो हे ओळखायचं असेल तर त्याला विचारा, हे सेनोटे कशामुळे झाले? ‘उल्का पडल्यामुळे’ एवढंच उत्तर आलं तर ते अर्धवट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी याच द्वीपकल्पावरच्या चिक्शुलुबला आदळलेल्या अशनीमुळे साधारण १८० किलोमीटर व्यासाचं विवर झालं, आणि त्याच्या कडेने सेनोट्यांची एक कमान आहे, हे खरं. पण ती कमान मेरिदा शहराभोवती आहे. तुलुम तिथून बरंच पूर्वेला. इथल्या गुहा गोड्या-खाऱ्या पाण्याच्या मिसळण्यातून आणि समुद्राच्या चढ-उतारातून घडल्या. (दख्खनच्या पठाराचा लाव्हा साधारण त्याच काळात ओतला जात होता. डायनासोर कशाने संपले या वादात चिक्शुलुब आणि आपला काळा कातळ अशा दोघांचीही नावं येतात. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने हे तिथे आठवावंच.)

समुद्राचा चढ-उतार पोहणाऱ्याला डोळ्यांनी दिसतो. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्रपातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. तेव्हा ही भुयारं कोरडी होती. छतातून थेंब ठिबकत राहिले आणि लवणस्तंभ वाढले. लवणस्तंभ पाण्याखाली तयार होऊ शकत नाही, त्याला हवा लागते. त्यामुळे मुखवट्यातून खाली पाहताना पाण्यात बुडालेला प्रत्येक स्तंभ म्हणजे एके काळी तिथे हवा असल्याचा पुरावा. त्या कोरड्या काळात माणसंही आत शिरत होती. याच भुयारांच्या जाळ्यातल्या ओयो नेग्रो नावाच्या खोल खड्ड्यात २००७ साली पाणबुड्यांना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला, सुमारे १२,००० ते १३,००० वर्षांपूर्वीचा. जानेवारी २०१८ मध्ये दोस ओहोस आणि साक आक्तुन ही दोन जाळी आतून जोडलेली असल्याचं जाहीर झालं. तेव्हा मोजलेली एकत्र लांबी ३४७ किलोमीटर होती. तुम्ही पोहता तो भाग त्याचा अगदी उंबरठा.

दोस ओहोसला सकाळी पहिल्या तासात पोहोचायला हवं. इथले बहुतेक सेनोटे आठ-नऊच्या सुमारास उघडतात आणि चार-पाचला बंद होतात. कान्कुन इथून सुमारे ११० किलोमीटर, म्हणजे तिकडच्या बसगाड्या साडेदहा-अकराच्या आधी येत नाहीत. त्या यायच्या आत गुहेतून बाहेर पडलात तर पाणी काचेसारखं मिळतं. उशीर झाला तर पन्नास जणांच्या पायांनी उडवलेला गाळ मिळतो. तळाचा चुनखडीचा गाळ पिठाहून बारीक असतो, तो खाली बसायला फार वेळ लागतो. सहल निवडताना हॉटेलवरून उचलण्याची वेळ साडेसातच्या पुढची असेल तर कंपनीला कारण विचारा. बहुतेक वेळा कारण एकच असतं: गाडी चार-पाच हॉटेलं फिरून माणसं गोळा करते आणि त्यात दीड तास जातो.

जागा हासिंतो पात नावाच्या एहीदोच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या मालकीची आहे. हासिंतो पात हा १८४७ साली सुरू झालेल्या माया लोकांच्या उठावाचा एक नेता. तिकिटाचे पैसे त्या गावाकडे जातात, ही आम्हाला या जागेची जमेची बाजू वाटते. हमरस्त्यावरच्या फाटकापासून पाण्यापर्यंत आत काही किलोमीटर जंगलातला रस्ता आहे. गाडीविना येणाऱ्यांची इथे दमछाक होते.

पाण्यात उतरण्याआधी साबण न लावता अंगावरून पाणी घेणं सक्तीचं असतं. सनस्क्रीन, डासांचं मलम, अत्तर, मेकअप काहीच अंगावर चालत नाही. बाटलीवर ‘जैवविघटनशील’ लिहिलेलं असलं तरी बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. या पाण्याला उघड्या नदीसारखा प्रवाह नाही, आणि हेच भूजल आख्ख्या द्वीपकल्पाचं पिण्याचं पाणी आहे. आपल्याकडच्या मंडळींसाठी एक खास सूचना: आदल्या रात्री डोक्याला खोबरेल चोपडलं असेल तर सकाळी हॉटेलवर शॅम्पूने दोनदा धुऊन निघा. नुसत्या पाण्याने तेल जात नाही, आणि पृष्ठभागावर त्याचा तवंग लगेच दिसतो. उन्हाचा बंदोबस्त लांब बाह्यांच्या रॅशगार्डने, म्हणजे पोहण्याच्या घट्ट सदऱ्याने करा. गुहेत ऊन नसतंच.

आता सामान. चांगली आणि वाईट सहल इथेच वेगळी होते.

लाइफ जॅकेट बहुतेक सेनोट्यांत सक्तीचं. ते छातीवर घट्ट बसायला हवं. कोणालातरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट हनुवटीच्या वर गेलं तर ते सैल आहे, पाण्यात कानापर्यंत येईल आणि मान वळवता येणार नाही. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तो लावाच. लहान मुलांसाठी लहान मापाचं जॅकेट कंपनीकडे आहे का, हे आरक्षणाच्या वेळीच विचारा. मोठं जॅकेट आवळून बांधणं हा उपाय नाही.

मुखवटा, म्हणजे मास्क, तपासायची पद्धत अशी: पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. पडला तर दुसरा मागा. दाट मिशी असेल तर वरच्या ओठाजवळून पाणी झिरपणारच. ते अधूनमधून नाकाने फुंकर मारून बाहेर काढायचं, पट्टा आवळून ते थांबत नाही. उलट जास्त आवळला की कडा वाकडी होते आणि गळती वाढते. केसांची बट कडेखाली राहिली तरी पाणी शिरतं. काचेवर धुकं धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून एकदा विसळायची. हीच जुनी आणि पाण्याला निरुपद्रवी युक्ती आहे. चष्म्याचा नंबर मोठा असेल तर नंबराचा मास्क भाड्याने मिळतो का ते आधी विचारा. कॉन्टॅक्ट लेन्स घालून गोड्या पाण्यात उतरणं डोळ्यांच्या संसर्गाच्या दृष्टीने धोक्याचं आहे. अगदीच इलाज नसेल तर एका दिवसाच्या लेन्स वापराव्यात आणि बाहेर आल्याबरोबर फेकून द्याव्यात.

पाण्याचं तापमान वर्षभर २४-२५ अंश सेल्सिअस. ऐकायला गार वाटत नाही, पण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने ओढून घेतं. पहिली वीस मिनिटं छान वाटतं, मग काटकुळ्या माणसांचे आणि मुलांचे ओठ निळे पडू लागतात. गुहेतली फेरी पाऊण तासाची असते. तीन मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख, सहलीच्या दरात असेल तर ती कंपनी काम समजून करते असं धरा. जादा पैसे घेत असतील तरी द्या.

प्रत्येकाच्या हातात टॉर्च हवा आणि गाईडकडे स्वतःच्या टॉर्चशिवाय एक राखीव हवा. गाडीतच प्रत्येक टॉर्च लावून पाहा. मिणमिणता असेल तर तिथल्या तिथे बदलून घ्या, कारण आत गेल्यावर बदलायला काही नसतं. पायातल्या फिन्स अनेक ठिकाणी पोहणाऱ्यांना घालू देत नाहीत. त्याचं कारण गाळ. नवशिक्या माणूस पाय खाली सोडून सायकल चालवल्यासारखे मारतो आणि मागच्या सगळ्यांचं पाणी दुधाळ करतो. शरीर आडवं ठेवून बेडकासारखे पाय बाजूला मारायचे. पायात रबरी तळाचे पाण्याचे बूट घाला. पायऱ्या निसरड्या आणि खडक धारदार असतो. साध्या चपला पाण्यात निसटून तरंगत जातात.

आत शिरताना गाईड पुढे, माणसं एकामागे एक, आणि गट सहाच्या वर असेल तर शेवटी दुसरा माणूस असायला हवा. बरेच ठिकाणी हा दुसरा माणूस वाचवला जातो. मग मागे रेंगाळणाऱ्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. चांगला गाईड उतरण्याआधी काठावर पाच मिनिटं खुणा शिकवतो: टॉर्चचा गोल म्हणजे ठीक, टॉर्च भराभर आडवा हलवणं म्हणजे थांबा, अडचण आहे. तळहात आडवा धरून डोलवणं म्हणजे काहीतरी बिनसलंय. या खुणा न शिकवता ‘या माझ्या मागे’ म्हणून जो उडी मारतो, त्याच्याबरोबर गुहेत जाऊ नये.

दोस ओहोसची दोन गोल तोंडं आतून जोडलेली आहेत. पहिल्या तोंडाजवळचं पाणी फिकट निळं आणि प्रकाशाने भरलेलं. दोरीच्या कडेने पुढे गेलं की छत खाली येतं, प्रकाश मागे राहतो आणि वटवाघळांच्या गुहेचा भाग सुरू होतो. तिथे डोक्यावर हवेची पोकळी आहे, पण काही जागी ती हातभरच. अशा ठिकाणी एक हात डोक्यापुढे वर धरून जायचं. हेल्मेट नसेल तर कपाळावर टेंगूळ येण्याची ही ठरलेली जागा. लवणस्तंभाला हात लावायचा नाही, आधारासाठीसुद्धा नाही. तो बोटभर वाढायला शेकडो वर्षं लागतात, आणि कातडीवरचं तेल लागलं की त्या जागी वाढ बिघडते.

खाली पाणबुड्यांची दोरी दिसेल, तिच्यावर बाण असतात. ते बाहेर पडण्याची दिशा दाखवतात. ती दोरी त्यांच्या जिवाची आहे, तिला पाय लागू देऊ नका. काही भुयारांच्या तोंडाशी यमदूताचं चित्र असलेला, इथून पुढे जाऊ नका असं बजावणारा फलक असतो. तो गुहेचं खास प्रशिक्षण नसलेल्या पाणबुड्यांसाठी आहे. पोहणाऱ्याचा नियम त्याहून साधा: जिथे डोकं वर काढून श्वास घेता येत नाही, तिथे जायचं नाही. श्वास रोखून पलीकडच्या पोकळीत निघण्याची ‘गंमत’ एखादा गाईड सुचवतो. नकार द्या. पलीकडे गेलेल्या माणसाला घाबरल्यावर परतीचा मार्गही पाण्याखालूनच घ्यावा लागतो.

घाबरण्याचं कारण बहुधा अंधार नसतो. गार पाण्यामुळे श्वास आपोआप भरभर चालू लागतो, तोंडातल्या श्वासाच्या नळीतून (स्नॉर्कलमधून) तेवढी हवा येत नाही, मास्कमध्ये थोडं पाणी शिरतं आणि छातीत धडधड सुरू होते. अशा वेळी नळी तोंडातून काढा, उताणे व्हा, जॅकेटवर तरंगत छताकडे पाहा आणि मिनिटभर हळूहळू श्वास सोडा. दहापैकी नऊ वेळा तेवढ्याने भागतं. हे टाळायचं असेल तर उजेडातल्या उथळ पाण्यात पाच मिनिटं मास्क-नळीचा सराव केल्याशिवाय आत जाऊ नका. घाईत असलेला गाईड हा सराव गाळतो आणि मग आत त्याचेच पंधरा मिनिटं जातात.

पोहता येत नसेल तर? जॅकेट घालून, दोरीला धरून पहिल्या तोंडाजवळचा भाग पाहता येतो. वटवाघळांच्या गुहेत जाऊ नये. गावच्या विहिरीत पाठीला भोपळा किंवा डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना इथे फारसं अवघड जात नाही, कारण खोल, गार, गोडं पाणी आणि वर गोल आभाळ हे त्यांच्या ओळखीचं आहे. समुद्रात शिकलेल्यांनी मात्र ध्यानात ठेवावं की गोड्या पाण्यात शरीर थोडं जास्त बुडतं. बंद जागेची भीती, हृदयविकार, फिट्स किंवा गर्भारपण असेल त्यांनी गुहेचा भाग वगळून उघडा सेनोटे निवडावा.

दुसरा टप्पा कोबा. तुलुमपासून सुमारे ४५ किलोमीटर आत. तिथल्या माया नगरीच्या अवशेषांपासून थोड्या अंतरावर चू-हा, तामकाच-हा आणि मुल्तून-हा असे तीन सेनोटे आहेत, प्रत्येकाचं तिकीट वेगळं. तिन्ही जमिनीखाली, लाकडी जिन्याने उतरायचं, वरून दिसतं ते फक्त भोक आणि झाड. चू-हाचं छत खाली आलेलं, पाणी उथळ आणि लवणस्तंभ अगदी जवळून दिसणारे. मुलांना आणि कच्च्या पोहणाऱ्यांना हा सर्वांत योग्य. मुल्तून-हा सर्वांत खोल आणि शांत. पाणी इतकं स्वच्छ की तळ हाताशी आल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात पाण्यात वस्तू एक चतुर्थांश जवळ दिसतात. वेळ कमी असेल तर आम्ही चू-हा आणि मुल्तून-हा ठेवू आणि तिसरा सोडू.

तामकाच-हात उडी मारायचे दोन ओटे आहेत, साधारण पाच आणि दहा मीटर उंचीचे. दहा मीटरवरून पाणी कठीण लागतं. उडी पायांवरच घ्यायची, हात छातीशी, पाय जुळलेले, नाक धरलेलं. लाइफ जॅकेट घालून उंचावरून उडी मारू नये. जॅकेट पाण्यात एकदम थांबतं आणि पट्टे हनुवटीला, काखेला हिसका देतात. म्हणजे ज्याला जॅकेटशिवाय आरामात पोहता येतं त्यानेच वरच्या ओट्याकडे बघावं. खाली कोणी पोहत नाही हे पाहणं गाईडचं काम आहे. तो फोटो काढण्यात गुंतलेला असेल तर स्वतः ओरडून जागा मोकळी करून घ्या.

छताच्या भोकातून पडणारा प्रकाशाचा झोत फोटोंमध्ये सगळ्यांना हवा असतो. तो कधी मिळेल हे हिशोबाने सांगता येतं. तुलुम साधारण नाशिकच्या अक्षांशावर आहे. नाशिकला मे महिन्याच्या उत्तरार्धात आणि जुलैच्या उत्तरार्धात जसा शून्य सावलीचा दिवस येतो, तसाच तिथेही. त्या आठवड्यांत माध्यान्हीचा झोत सरळ उभा पडतो. डिसेंबरात तो तिरका येऊन भिंतीवरच अडतो, अरुंद तोंडाच्या सेनोट्यांत पाण्यापर्यंत पोहोचतही नाही. घड्याळाची गोष्ट आणखी महत्त्वाची. किन्ताना रो राज्याचं, म्हणजे कान्कुन-तुलुम-कोबाचं घड्याळ युकातान राज्याच्या एक तास पुढे आहे. त्यामुळे तुलुमच्या पट्ट्यात सूर्य माथ्यावर येतो पाऊण-एकच्या सुमारास, आणि युकातान राज्यातल्या वायादोलिद शहरात बाराला काही मिनिटं कमी असताना. ‘बारा वाजता झोत’ असं सरसकट सांगणारा गाईड एका बाजूच्या लोकांना तासभर आधी उभं करतो. वायादोलिदहून परतीची बस किंवा कान्कुनचं विमान पकडायचं असेल तरीही हा एक तास धरायला विसरू नका.

तिसरा थांबा उघडा सेनोटे. ग्रान सेनोटे कोबा रस्त्यावरच, तुलुमपासून चार-एक किलोमीटरवर. लाकडी फळ्यांचे मार्ग, कासवं, वटवाघळं, आणि तिकीट पाचशे पेसोंच्या आसपास. सुंदर आहे, पण दुपारी गर्दी होते. कासा सेनोटे समुद्राजवळच्या खारफुटीत आहे. इथे गोड्या-खाऱ्या पाण्याची सीमा पोहणाऱ्यालाही दिसू शकते, त्या थरात सगळं धूसर होतं आणि वाटतं मास्कवर धुकं आलं. मास्क पुसू नका, थोडं वर या. प्लाया देल कार्मेन शहराच्या दक्षिणेला सेनोटे अझुल आणि हार्दीन देल एदेन मोकळे आणि कुटुंबासाठी सोयीचे. या कशालाही गाईड लागत नाही. हमरस्ता ३०७ वर प्लाया देल कार्मेन ते तुलुम ‘कोलेक्तिवो’ नावाच्या वाटून घ्यायच्या व्हॅन सतत धावतात, चालकाला सेनोटेचं नाव सांगितलं की फाट्यावर उतरवतो. म्हणून सहलीत हा तिसरा थांबा असला-नसला तरी दरात फार फरक पडू देऊ नये.

मोठ्या बसच्या सहलींबद्दल. इक किल हा सेनोटे चिचेन इत्झाच्या शेजारी. पाणी जमिनीपासून सुमारे २६ मीटर खाली, वरून लोंबणाऱ्या मुळ्या आणि वेली, एकदा पाहावाच असा. पण बस तिथे दुपारी पोहोचते, सगळ्या बस एकदमच पोहोचतात. जॅकेटची रांग, लॉकरची रांग, पायऱ्यांची रांग यांतून उरलेल्या वेळात पाण्यात वीस मिनिटंही मिळत नाहीत. इक किल पाहायचा तर आदल्या रात्री वायादोलिदला मुक्काम करून सकाळी जा. चिचेन इत्झाच्या आतल्या पवित्र सेनोटेत पोहायला परवानगी नाही. त्याच्या तळातून सोनं, हिरवा जेड, कोपाल धूप आणि माणसांची हाडं निघाली आहेत.

जेवण सहलीत असतं ते बहुधा कोबाच्या वाटेवरच्या गावात. शाकाहारी असाल तर ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. तिथल्या वाटलेल्या काळ्या घेवड्यात डुकराची चरबी असते आणि लिंबाच्या सूपचा आधार कोंबडीचा. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मान्तेका’ असं तिन्ही वेगळं सांगा: मांस नको, कोंबडी नको, चरबी नको. सिकिल पाक ही भोपळ्याच्या भाजलेल्या बियांची आणि टोमॅटोची चटणी मक्याच्या तोर्तियाबरोबर पोटभर होते. अंडं चालत असेल तर पापाद्झुलेस, म्हणजे उकडलेलं अंडं भरलेल्या तोर्तिया, मागवा. हाबानेरो मिरचीची वाटी वेगळी येते, ती आपल्या लवंगीपेक्षा बरीच जहाल आहे, थेंबाने सुरुवात करा. जेवण पोहण्याच्या आधी ठेवलेलं असेल तर क्रम बदलायला सांगा.

दरात काय धरलंय हे लेखी घ्या: तिन्ही ठिकाणची तिकिटं, वेटसूट, लॉकर, फोटो. ‘प्रवेश वेगळा’ ही बारीक ओळ माणशी तीस-चाळीस डॉलरने खर्च वाढवते. गावांच्या सेनोट्यांवर कार्ड चालेलच असं नाही, सुटे पेसो ठेवा. डॉलर घेतात पण भाव पाडून. गाईडला दहा ते पंधरा टक्के टिप देण्याची पद्धत आहे. कॅमेऱ्याचं शुल्क काही ठिकाणी वेगळं लागतं.

कधी जावं? नोव्हेंबर ते एप्रिल कोरडे दिवस, डास कमी, गर्दी जास्त. जून ते ऑक्टोबर पाऊस, पण बंद गुहांमधलं पाणी तेव्हाही नितळ असतं. उघड्या सेनोट्यांत मात्र शेवाळाने हिरवटपणा येतो. उन्हाळ्यात किनाऱ्यावर सारगासम या समुद्री शेवाळाचे ढीग लागले की सगळे पर्यटक समुद्र सोडून सेनोट्यांकडे वळतात, तेव्हा सकाळची वेळ आणखी घट्ट धरा.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना कान्कुन चार-पाच दिवसांच्या सुटीत जमतं. भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा मुदतीतला व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. स्टॅम्पची मुदत संपलेली आणि हातात नुसता मंजुरीचा कागद, अशा स्थितीत मात्र तिकीट काढू नका.

एक गोष्ट सहलीच्या गुणांत धरावी असं आम्हाला वाटतं: गाईड या पाण्याच्या प्रकृतीबद्दल बोलतो का. हॉटेलांचं सांडपाणी याच चुनखडीत मुरतं. माया रेल्वेचा प्लाया-तुलुम पट्ट्यातला मार्ग जंगलातून नेताना गुहांच्या छतांतून पोलादी खांब खाली उतरवले गेले, त्याविरुद्ध इथल्याच गुहा-पाणबुड्यांनी आवाज उठवला. ज्यांचं पोट या पाण्यावर आहे ते याबद्दल पोटतिडकीने बोलतात, आणि अशा माणसाबरोबर गुहा पाहणं वेगळंच असतं.

परतल्यावर कान कोरडे करा: डोकं एका बाजूला कलवून पाणी निथळू द्या, टॉवेलचं टोक फिरवा, कापसाची काडी आत घालू नका. दुसऱ्या दिवशी कानाची पाळी ओढल्यावर दुखलं तर संसर्ग सुरू झाला असं समजून डॉक्टरकडे जा आणि पुढचं पोहणं रद्द करा.

आरक्षण करण्याआधी कंपनीला चार प्रश्न पाठवा. एका गाईडमागे किती जण? गटाच्या शेवटी दुसरा माणूस असतो का? पहिल्या सेनोटेत किती वाजता उतरणार? वेटसूट आणि तिकिटं दरात आहेत का? या चारही प्रश्नांना आकड्यांत उत्तर आलं तर पैसे भरा. ‘काळजी करू नका’ एवढंच आलं तर दुसरी कंपनी बघा.